मानाचा फोन आणि मोत्याचं काम

मैत्रिणींनो, मिक्सर घेताना आपण किती चौकशा करतो! मोटर किती वॅटची, भांडी किती, आवाज किती, शेजारच्या काकूंचा किती वर्षं चालला… साडीच्या दुकानात तर पदर दाराशी नेऊन उजेडात धरल्याशिवाय आपलं समाधान होत नाही. आणि ऐंशी हजारांचा फोन? तो मात्र मुलगा नाहीतर भाचा ‘हाच बेस्ट आहे’ म्हणून सांगतो, नवरा कार्ड पुढे करतो, आणि आपल्या वाट्याला डब्यावरचं प्लॅस्टिक काढायचं काम येतं!

बरं, तो फोन तरी आपला असतो का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत, १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी जेमतेम ५४ टक्के जणींनी ‘मी स्वतः वापरते असा मोबाइल माझ्याकडे आहे’ असं सांगितलं होतं. उरलेल्या नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या फोनवर. तेव्हा एखादी बाई स्वतःच्या कमाईतून, स्वतःच्या कामासाठी बाजारातला वरच्या दर्जाचा फोन घ्यायला निघते, तेव्हा घरादाराच्या भुवया वर जाणारच.

आमच्या बचत गटातली एक मैत्रीण अशीच निघाली. ती आरी वर्कचे ब्लाउज करते. लाकडी फ्रेमवर कापड ताणून, हुकासारख्या सुईने एकेक मोती, कटदाणा, जरदोसी ओवत नवरीचा ब्लाउज तयार होतो. एकेका ब्लाउजला आठ-दहा दिवस सहज जातात. सुरुवातीला गावातलीच गिऱ्हाइकं होती. मग कुणाच्या तरी लग्नाचे फोटो पुण्याला पोहोचले, तिथून बंगळुरूला, आणि आता तिची निम्मी कामं तिला कधीही न भेटलेल्या बायकांची असतात. त्या तिचं काम फक्त फोटोत बघतात. ‘ताई, जरा जवळून दाखवा ना’ हे वाक्य तिला रोज ऐकावं लागतं. आणि तिचा जुना फोन जवळ नेला की मोत्यांचा नुसता पांढरा ठिपका! त्यातून रंगाची भानगड. वाइन रंगाचा ब्लाउज फोटोत लालभडक दिसला, तो गिऱ्हाइकानं परत पाठवला. आठ दिवसांची मेहनत, शिवाय जाण्यायेण्याचं कुरिअर हिच्याच गळ्यात.

तिनं दोन वर्षं वेगळी आरडी लावली होती. ती पिकली तेव्हा मला म्हणाली, “वहिनी, फोन घ्यायचाय. घरी दाखवायला नाही, कामाला.”

घरी अर्थातच तीन मतं पडली. नवरा म्हणाला, “एवढा महाग फोन तुला कशाला?” सासूबाई म्हणाल्या, “त्यापेक्षा तोळाभर सोनं घे.” (२०२५ च्या ऑक्टोबरात सोनं तोळ्याला एक लाख वीस हजारांच्या वर गेलं होतं. तिच्या आरडीत पाऊण तोळंही आलं नसतं, पण सासूबाईंच्या मनातला भाव अजून जुनाच!) आणि बारावीतला मुलगा म्हणाला, “आई, आयफोनच घे.” त्याच्या डोळ्यांत आईच्या मोत्यांचं काम नव्हतं, कॉलेजचं गेट होतं, हे सांगायला नकोच.

मुलाच्या बोलण्यात एक शब्द सारखा येत होता, ‘फ्लॅगशिप’. गणेशोत्सवात मानाचे गणपती असतात ना, तसा प्रत्येक कंपनीचा एक मानाचा फोन असतो. कंपनीला जे काही उत्तम जमतं ते त्यात घातलेलं असतं. सॅमसंगचा २०२५ मधला मानाचा फोन म्हणजे गॅलेक्सी एस २५. तो जानेवारी २०२५ मध्ये आला, २५६ जीबी साठवणीच्या फोनची किंमत ८०,९९९ रुपये. ॲपलचा आयफोन १७ सप्टेंबर २०२५ मध्ये आला, तेवढ्याच साठवणीचा, ८२,९०० रुपयांना. दोन्ही घराण्यांत याहून मोठी भावंडं आहेत. एस २५ अल्ट्रा १,२९,९९९ ला आणि आयफोन १७ प्रो मॅक्स १,४९,९०० ला आला. त्यांच्या वाटेला आम्ही गेलोच नाही.

इथं थोडं थांबून एक गोष्ट सांगून टाकते. आपल्यापैकी बहुतेकींना यातला कुठलाच फोन लागत नाही. व्हॉट्सॲप, यूपीआय, मुलांचा अभ्यास, आईशी व्हिडिओ कॉल, भजनाचे व्हिडिओ हे सगळं वीस-पंचवीस हजारांच्या फोनवर सुखानं होतं. वरचे पन्नास-साठ हजार जातात ते मुख्यतः कॅमेऱ्याला, जास्त वर्षं टिकणाऱ्या सॉफ्टवेअरला, वेगवान चिपला आणि थोडे मिरवण्याला. ज्यांचा फोटो हाच धंद्याचा नमुना आहे त्यांनी हा खर्च करावा. बाकीच्यांनी मिरवायला घेतला तरी माझी ना नाही, पण मग निदान तसं कबूल करून घ्यावा! आणि या किमतीत सरकारचाही वाटा असतो बरं का. १ एप्रिल २०२० पासून मोबाइलवर १८ टक्के जीएसटी आहे. २२ सप्टेंबर २०२५ ला एसी आणि मोठे टीव्ही यांच्यावरचा कर कमी झाला, मोबाइलवरचा होता तेवढाच राहिला. म्हणजे ८२,९०० मध्ये जवळजवळ साडेबारा हजार नुसता कर.

दसरा झाल्यावर, दिवाळीच्या आधी, आम्ही दोघी जिल्ह्याच्या गावी गेलो. तिच्या पिशवीत तीन वस्तू होत्या. वाइन रंगाच्या रॉ सिल्कवर मोत्यांचं काम केलेली एक बाही, राणी रंगाच्या कापडाचा तुकडा, आणि तिचा जुना फोन. जुना फोन कशाला, असं दुकानातल्या मुलानं विचारलं. ती म्हणाली, “माझ्या गिऱ्हाइकांकडे काय सगळ्यांकडे तुझे हे महागडे फोन आहेत? त्या कशावर बघणार?” मला हा मुद्दा सुचला नसता. दुकानात आपण नव्या फोनचा फोटो नव्या फोनवरच बघतो, आणि त्या झगझगीत स्क्रीनवर काहीही सुंदरच दिसतं.

दुकानातला मुलगा मेगापिक्सेल सांगायला लागला. एस २५ चा मुख्य कॅमेरा ५० मेगापिक्सेलचा, आयफोन १७ चा ४८ चा. या आकड्यांवर जाऊ नका. दोनाचा फरक तर सोडाच, दहाचा असला तरी डोळ्यांना कळेल असं नाही. खरा फरक बाकीच्या भिंगांमध्ये आहे. एस २५ ला मागे तीन कॅमेरे आहेत. मुख्य, रुंद दाखवणारा, आणि तिसरा लांबचं तीनपट जवळ आणणारा. आयफोन १७ ला दोनच आहेत. मुख्य आणि रुंद. लांबचं जवळ आणायला तो मुख्य कॅमेऱ्यातलाच मधला भाग दुप्पट मोठा करून देतो. मुलीचा स्नेहसंमेलनातला नाच सातव्या रांगेतून टिपायचा असेल तर एस २५ ला तोड नाही. आम्ही दुकानातून रस्त्यापलीकडच्या रसवंतीची पाटी टिपली, तर एस २५ मध्ये खालची बारीक अक्षरंसुद्धा वाचता आली.

पण आरीचं काम लांबून नाही, जवळून बघायचं असतं. आयफोन १७ च्या रुंद कॅमेऱ्याला अगदी जवळच्या वस्तूवर नजर स्थिर करता येते. फोन बाहीच्या चार बोटांवर नेला आणि स्क्रीनवर आपोआप एक छोटं फुलाचं चिन्ह आलं. मग काय, मोत्यात ओवलेला दोरा दिसला, कटदाण्याची कड दिसली, एका ठिकाणी टाका सैल होता तोही दिसला! ती क्षणभर गप्पच झाली. मग म्हणाली, “हा टाका मलासुद्धा डोळ्यांनी दिसला नव्हता.” एस २५ तेवढा जवळ नेला की चित्र धूसर होत होतं. थोडं मागे सरून तीनपटीचं भिंग वापरलं तर बरा फोटो यायचा, पण हात जरा हलला की गेलं. साध्या एस २५ मध्ये ही सोय नाही, अल्ट्रात आहे, असं दुकानातल्यानंच सांगितलं.

रंगाचं म्हणाल, तर दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली दोन्ही फोन थोडे चुकले. दाराशी नेऊन दिवसाच्या उजेडात काढलेला वाइन रंग आयफोनवर खऱ्याच्या जवळ आला, एस २५ वर किंचित जास्त खुलला. राणी रंगात उलट झालं, एस २५ चा मला जास्त खरा वाटला. मग तिनं दोन्ही फोटो व्हॉट्सॲपवरून जुन्या फोनवर मागवले, आणि गंमत बघा, रंगातला फरक जवळजवळ पुसला गेला. व्हॉट्सॲप फोटो पाठवताना त्याचं वजन कमी करतं, त्यात बारकावे जातात. ऑगस्ट २०२३ पासून तिथं ‘एचडी’ असं एक बटण आलंय, ते दाबून पाठवलं तर बरंचसं राहतं. आणि फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो. ज्या मैत्रिणी दागिने, साड्या, केक यांचे फोटो पाठवतात त्यांनी नवा फोन घेण्याआधी हे करून बघावं. कदाचित नवा फोन लागणारच नाही.

जवळून काढलेला मोत्याचा फोटो मात्र जुन्या फोनच्या फिक्या स्क्रीनवरही उठून दिसत होता.

बाकीच्या गोष्टी भराभर झाल्या. एस २५ चं वजन १६२ ग्रॅम, आयफोनचं १७७. स्क्रीन ६.२ आणि ६.३ इंच. दोन्हींवर बोट फिरवलं की चित्र लोण्यासारखं सरकतं. (आयफोनच्या साध्या मॉडेलमध्ये हे १७ पासून आलं, सॅमसंगकडे ते कितीतरी आधीपासून होतं. मुलांना हे सांगितलंत तर भाव खाऊन जाल!) बॅटरी दोन्हींची साध्या वापरात दिवस काढते. पाण्याचं संरक्षण दोन्हींना आहे, पण म्हणून फोन नळाखाली धुवू नका. पाणी आत गेलं तर ते वॉरंटीत बसत नाही, हे दोन्ही कंपन्यांच्या कागदांत लिहिलेलं असतं. डब्यात चार्जर दोघंही देत नाहीत, नुसती वायर. ऐंशी हजार घेऊन चार्जर वेगळा विकत घ्यायला लावणं म्हणजे लग्नाला बोलावून ताट घरून आणायला सांगण्यासारखं आहे. ही पद्धत ॲपलनं २०२० मध्ये सुरू केली, सॅमसंगनं लगोलग २०२१ मध्ये उचलली. समाधान एवढंच की दोन्हींना आता एकच टाइप-सी वायर चालते, त्यामुळे घरातला चांगला चार्जर उपयोगी पडतो.

आता आपल्या गावाकडच्या बायकांच्या दृष्टीनं ज्या गोष्टी महत्त्वाच्या, त्याकडे येते.

पहिली म्हणजे सिम. आपल्याकडे दोन नंबर असतात, एक घरचा आणि एक कामाचा. एस २५ मध्ये आपली नेहमीची दोन सिम कार्डं बसतात. भारतात मिळणाऱ्या आयफोन १७ मध्ये एकच कार्ड बसतं. दुसरा नंबर ‘ई-सिम’ म्हणून घ्यावा लागतो, म्हणजे कार्ड नाही, कंपनीकडून नंबर फोनमध्येच उतरवून घ्यायचा. अवघड नाही, पण फोन बदलला की पुन्हा तेच सोपस्कार. पटकन कार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं, असं चालत नाही.

दुसरी मराठी. सॅमसंगमध्ये सगळा फोन मराठीत करायची सोय बरीच वर्षं आहे. आयफोनवर मराठी लिहिता येत होतं, पण त्याच्या आतल्या सगळ्या सूचना मराठीत दिसायची सोय २०२५ मध्ये, मार्चअखेरच्या अपडेटमध्ये आली. उशीर केलाच म्हणायचा, पण आली. बोलून काम करून घ्यायचं तर एस २५ चं बाजूचं बटण दाबून धरलं की गूगलचा ‘जेमिनी’ येतो, आणि त्याच्याशी मराठीत बोलता येतं. आम्ही दुकानात त्याला ‘साडेचार मीटर कापडात परकर-पोलकं बसेल का’ असं विचारलं. उत्तर गोलमोल दिलं, पण मराठीत दिलं! आयफोनच्या सिरीला इंग्रजीत मिसळून बोललेलं मराठी समजतं. जेमिनी हवा असेल तर तिथं त्याचं ॲप वेगळं टाकावं लागतं.

तिसरी गोष्ट टिकण्याची. सॅमसंगनं एस २५ साठी सात वर्षं अपडेट देऊ असं सांगितलंय, म्हणजे २०३२ पर्यंत. ॲपल असा आकडा छातीठोकपणे सांगत नाही, पण त्यांची रीत चांगली आहे. २०१९ मध्ये आलेल्या आयफोन ११ ला सप्टेंबर २०२५ मधलं नवं सॉफ्टवेअर मिळालं. अपडेट हा काही मिरवायचा विषय नाही. ती थांबली की हळूहळू बँकेची ॲप्स कुरकुरायला लागतात आणि धोका वाढतो. जुना विकायचा झाला तर आयफोनला भाव जास्त येतो, हे कुठलाही मोबाइलवाला सांगेल.

आणि चौथी, माझ्या मते सगळ्यांत मोठी, ती दुरुस्ती. सॅमसंगचं अधिकृत केंद्र जिल्ह्याच्या गावीच आहे. ॲपलचं आमच्या भागातून गाठायचं तर दुसऱ्या जिल्ह्यात जायचं, पुण्याला कोरेगाव पार्कात ॲपलचं स्वतःचं दुकान सप्टेंबर २०२५ मध्ये उघडलं, तेही आम्हाला एका दिवसाचं काम. काच फुटली तर दोन्हींची दुरुस्ती हजारांमध्ये जाते, पण एकीला एक दुपार लागेल आणि दुसरीला एसटीचे दोन दिवस. रोज ऑर्डरी घेणाऱ्या बाईचे दोन दिवस फोनशिवाय म्हणजे काय, ते तिलाच विचारा.

हे सगळं कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून आम्ही हॉटेलात बसलो. मी सरळ सांगितलं, “मी असते तर एस २५ घेतला असता.” दोन सिम, मराठी, जवळची दुरुस्ती, शिवाय नऊ महिने जुना झाल्यामुळे दिवाळीच्या सेलमध्ये त्याची किंमत बरीच उतरली होती, आयफोन नवा कोरा असल्यानं त्यावर फारशी सूट नव्हती. उरलेल्या पैशांत तिला चांगला दिवा आणि स्टँड आला असता. जवळून फोटो काढायला क्लिपनं लावायचं बारीक भिंगही बाजारात मिळतं.

ती चहा पिता पिता सगळं ऐकत होती. मग म्हणाली, “वहिनी, दोन सिम लागतात ती मला नाही, घरच्यांना लागतात. माझ्या नंबरवर गॅस येतो, शाळेचे निरोप येतात, नणंदेचे फोन येतात. मला तर तो नंबर कामाच्या फोनमध्ये नकोच आहे.” आणि क्लिपच्या भिंगाचं तिनं आधी एकदा करून पाहिलं होतं. कडेला चित्र वाकडं येतं, आणि दर वेळी लावा-काढा करताना बोटांना हळद लागलेली असते!

तिनं आयफोन १७ घेतला. मुलगा खूष झाला, तो पुढचे दोन तास. मग त्याला कळलं की फोन आईचा आहे.

मला तिचा निर्णय अजूनही पूर्ण पटलेला नाही, दुरुस्तीच्या मुद्द्यावर तर नाहीच. पण तिनं कामातून उत्तर शोधलं, जाहिरातीतून नाही, हे मात्र खरं.

दुकानात बसल्या बसल्या तिनं विचारलं, हे फोन बनतात कुठे? एस २५ नोएडात बनतो. तिथल्या सॅमसंगच्या कारखान्याचा मोठा विस्तार जुलै २०१८ मध्ये सुरू झाला. आयफोन जुळवले जातात तमिळनाडू आणि कर्नाटकात, आणि श्रीपेरंबुदूरच्या फॉक्सकॉन कारखान्यात ते जुळवणाऱ्या बहुतांशी तरुण मुली आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या वसतिगृहातल्या जेवणातून विषबाधा झाली तेव्हा या मुली चेन्नई-बंगळुरू महामार्गावर येऊन बसल्या होत्या. जून २०२४ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेनं बातमी दिली की तिथं आयफोनच्या कामाला लग्न झालेल्या बायकांना घेत नाहीत. कंपनीनं ते नाकारलं, केंद्राच्या कामगार मंत्रालयानं तमिळनाडू सरकारकडून अहवाल मागवला. हे ऐकून ती म्हणाली, “म्हणजे मला फोन विकायला चालते, बनवायला चालत नाही होय?” यावर काय बोलणार!

पैसे देताना दुकानदार ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणून मागे लागला. हा प्रकार नीट समजून घ्या. बिनव्याजी कर्ज अशी वस्तू बँकेत नसते. रिझर्व्ह बँकेनंही २०१३ मध्ये बँकांना सांगितलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. बँक व्याज लावतेच, दुकान किंवा कंपनी तेवढी रक्कम किमतीतून आधी कमी करते. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी असतो, तो आपल्याकडून जातो, आणि वर प्रक्रिया शुल्क. समजा सहा महिन्यांचं व्याज पावणेचार हजार झालं, तर पावणेसातशेच्या आसपास नुसता त्यावरचा कर. शिवाय ‘रोख देते, काय सूट देता’ असं विचारायची संधी जाते. तिनं आरडीचे पैसे दिले आणि काचेवरचं कव्हर फुकट लावून घेतलं.

बिल तिनं स्वतःच्या नावावर करून घेतलं. दुकानदारानं सवयीनं नवऱ्याचं नाव विचारलं होतं. बिलावरचा आयएमइआय नंबर आणि फोनमधला नंबर जुळतो का ते बघायला विसरू नका. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असं डायल केलं की तो पंधरा आकडी नंबर स्क्रीनवर येतो. तो वहीत लिहून ठेवा. फोन हरवला तर पोलिसांत तक्रार देऊन सरकारच्या ‘संचार साथी’ या सेवेवर याच नंबरानं फोन बंद करून घेता येतो. मे २०२३ पासून ही सोय देशभर आहे. जुना फोन विकत घेणाऱ्या मैत्रिणींनी तर हा नंबर तिथं तपासल्याशिवाय पैसे काढूच नयेत, चोरीचा माल असला तर तिथं कळतं. आणि पैशांची फसवणूक झाली तर १९३० हा नंबर, जितका लवकर तितका बरा.

आणखी एक. अँड्रॉइडवरून आयफोनवर येताना व्हॉट्सॲपमधली जुनी संभाषणं आणायची असतील तर ती नवा फोन पहिल्यांदा सुरू करतानाच आणावीत. त्यासाठी ‘मूव्ह टू आयओएस’ नावाचं ॲप जुन्या फोनवर टाकावं लागतं. दुकानातला मुलगा घाईनं ‘मॅडम, मी चालू करून देतो’ म्हणाला, तेव्हा तिनं डबा बंदच ठेवायला सांगितला. गिऱ्हाइकांची मापं, छातीचा घेर, बाहीची उंची, गळ्याची खोली, सगळं त्या संभाषणांत होतं. घरी येऊन रात्री मुलाला शेजारी बसवून तिनं ते काम केलं, दोन्ही फोन चार्जिंगला लावून. तासाभरानं सगळी मापं नव्या फोनमध्ये उतरली. मुलानं स्क्रीनचा पासकोड काय ठेवायचा विचारलं, तेव्हा तिनं फोन हातात घेतला आणि पाठ फिरवून सहा आकडे दाबले.

जुना फोन आता देवघराशेजारच्या फळीवर असतो, घरच्या नंबरासकट. वाजला की जो जवळ असेल तो उचलतो.